गोठीचे पाणी

पोलोग्राउंड हे नाव उच्चारताना आम्हां इंदूरकरांच्या डोळ्यांसमोर घोडा काही येत नाही. येतात ती कारखान्यांची पत्र्याची छपरे, मालमोटारींच्या रांगा आणि विजेचे बिल. होळकरशाहीत जेथे घोड्यावर बसून चेंडू टोलविला जाई, त्या परिसरात स्वातंत्र्यानंतर औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनीचे मुख्यालयही तेथेच आले. खेळ गेला, नाव मात्र राहिले. या पोलोग्राउंडच्या आसपास आमच्या तीन पिढ्या गेल्या. पहाटे भट्टीचा वास आणि दूरवरून येणारी मीटरगेज गाडीची शीळ, या दोन खुणांवर आमच्या घरातील माणसे उठत असत.

यंदा आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीने एक काम आमच्या गळ्यात घातले. उन्हाळ्याच्या सुटीत सभासद कुटुंबांची एक सहल काढावी, ती शहराबाहेर, रानात असावी आणि 'कायम स्मरणात राहील अशी' असावी. स्मरणात राहील अशी सहल आखून काढता येते काय, हा प्रश्न आम्ही सभेत विचारला नाही. घरी येऊन माळ्यावरची पेटी मात्र उतरविली. तीत आमच्या आजोबांची एक वही आहे. आजोबा होळकर सरकारच्या हिशेब खात्यात कारकून होते, त्यामुळे घरातील कोणतीही गोष्ट वहीत चढल्यावाचून झाली असे ते मानीत नसत. या वहीच्या पुठ्ठ्यावर मोडीत एकच शब्द आहे : 'गोठ'. पहिली नोंद 1936 च्या वैशाखातील, शेवटची 1971 ची. आरंभीची पाने मोडी, पुढची बाळबोध. अर्धी हकिगत आम्ही या वहीवरूनच सांगणार आहोत.

प्रथम शब्दाविषयी. पुण्याहून आलेल्या आमच्या एका काकूंना लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात सासूबाई म्हणाल्या, 'रविवारी गोठ आहे, तयारीत राहा.' काकूंनी हातातल्या पाटल्यांकडे पाहिले आणि आपल्यासाठी सोन्याचे गोठ घडविले जात आहेत अशा आनंदात तीन दिवस काढले. रविवारी पहाटे हाती आली ती पिठाची परात! देशावर गोठ म्हणजे हातातला दागिना. माळव्यात गोठ म्हणजे दहापाच घरांनी मिळून रानात, नदीकाठी किंवा एखाद्या देवळाच्या आवारात जाऊन केलेले जेवण. संस्कृतातील 'गोष्ठ' म्हणजे गाई बांधण्याची जागा. त्यावरून 'गोष्ठी' म्हणजे माणसांचे एकत्र बसणे. आपला गोठा तेथूनच आला, आपली गोष्टही तेथूनच. राजस्थानाकडून माळव्यात रूढ झालेली ही गोठ आपल्या पूर्वजांनी केव्हा उचलली हे सांगणे कठीण. पण 'वनभोजन' हा आपला भारदस्त शब्द बाजूला सारून त्यांनी ती उचलली, एवढे खरे. कार्तिकातील आवळीभोजन आपण घरून घेऊन आलो होतो. उन्हाळ्यातील गोठ मात्र आपल्याला येथल्या मातीने दिली.

उन्हाळ्यात रानात जावेच कशाला, असे बाहेरचा माणूस विचारील. त्याला माळव्याची रात्र ठाऊक नसते. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. वैशाखात दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, परंतु सूर्य कलला की पश्चिमेचा वारा सुटतो आणि रात्री अंगणात चादर ओढावी लागते. 'शबे-मालवा' ही प्रसिद्धी काही उगीच मिळालेली नाही. आता काँक्रीटने ती रात्र पुष्कळशी गिळली, तरी शहराबाहेर दहा-पंधरा मैलांवर ती अजून भेटते. म्हणून जुन्या गोठीचे गणित असे असे : पहाटेच्या गारव्यात निघावयाचे, ऐन दुपार झाडाखाली पडून काढावयाची, तिसऱ्या प्रहरी चूल पेटवावयाची, दिवेलागणीला जेवावयाचे आणि चांदण्यात परत यावयाचे. वहीतील बहुतेक गोठी शुद्ध दशमी ते पौर्णिमा यांच्या दरम्यानच्या आहेत. त्याही अक्षय्यतृतीयेनंतर आणि मृग लागण्यापूर्वी. परीक्षा आटोपलेल्या असत, केरीचे लोणचे घालावयाचे असे, आणि ते घातले की बायकांना उसंत मिळे.

जागेविषयी घरात दोन पक्ष होते. आजीचा पक्ष बिलावलीचा तलाव किंवा देवगुराडिया यांच्या बाजूने. जवळ, सोपे आणि देवदर्शनही होते. आजोबांचा पक्ष घाटाच्या बाजूने, म्हणजे पातालपाणी आणि त्याखाली कालाकुंड. आता पातालपाणी म्हटले की मंडळींच्या मनात धबधबा उभा राहतो. तो पावसाळ्यातला. उन्हाळ्यात तेथे पाण्याची रेघ राहिली तरी पुष्कळ. काळ्या कड्याखाली डोहाचा हिरवा डाग दिसतो, बस्स. आणि पावसाळ्यात तो कसा असतो हे 2011 च्या जुलैत साऱ्या देशाने पाहिले. वरच्या अंगाला झालेल्या पावसाचा लोंढा क्षणार्धात आला आणि प्रवाहाच्या मध्ये दगडावर उभे असलेले एक कुटुंब वाहून गेले. त्यानंतर कार्यकारिणीत कोणी 'धबधब्यात भिजण्याची सहल' सुचविली की आमच्या पोटात गोळा येतो. उन्हाळी गोठ धबधब्यासाठी नव्हतीच. ती सावलीसाठी होती, आणि खरे सांगावयाचे तर गाडीसाठी होती.

या गाडीची हकिगत येथे थोडी विस्ताराने सांगितलीच पाहिजे, कारण आपल्यापैकी अनेकांचे पणजोबा तिच्याच हिशेबात गुंतलेले होते. मुंबईहून निघालेला लोहमार्ग खांडव्यावरून जबलपुरापर्यंत गेला आणि 1870 साली तिकडून अलाहाबादेशी जोडला गेला. खांडव्याहून इंदूर सरळ रेषेत फार दूर नाही, पण मध्ये नर्मदा आणि विंध्याचा कडा. महूची छावणी मुंबईशी जोडणे इंग्रजांना हवेच होते. अफू आणि कापूस बाहेर काढणे व्यापाऱ्यांना हवे होते. पैसा मात्र उभा केला तो महाराज तुकोजीराव दुसरे यांनी. 1870 च्या करारान्वये त्यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. मुदत 101 वर्षे, व्याज साडेचार टक्के. संस्थानिकाने साहेबाला कर्ज द्यावे आणि व्याज घ्यावे, ही गोष्ट आमचे आजोबा अशा थाटात सांगत की जणू सही त्यांचीच होती. तुकोजीरावांची व्यवहारी बुद्धी इंदूरने इतरत्रही पाहिली होती. राज्याची कापडगिरणी त्यांनीच काढली, आणि गिरण्यांचे म्हणून जे शहर पुढे उभे राहिले त्याचा पाया तोच. 'होळकर स्टेट रेल्वे' हे नाव त्या कर्जामुळे मिळाले. नर्मदेवरचा पूल 1876 साली वाहता झाला आणि त्या दशकाच्या अखेरीस गाडी घाट चढून इंदुरात आली. पहिले इंजिन हत्तींकडून ओढवून शहरात आणले, ही कथा अजूनही इंदुरात सांगितली जाते.

या मार्गाचा सारा जीव पातालपाणी ते कालाकुंड या जेमतेम दहा किलोमीटरांत होता. चाळीस फूट पुढे गेले की एक फूट उतार, अशी ती उतरण. आगगाडीच्या हिशेबाने ती कड्याइतकीच तीव्र. खालून वर येणाऱ्या गाडीला कालाकुंडाला आणखी एक इंजिन मागून लावीत, आणि दोन इंजिनांच्या धापा घाटात एकमेकींना ओ देत. वरून खाली जाताना गाडी पातालपाण्याला थांबे, ब्रेक तपासले जात. पण डब्यातील कोणालाही विचारा, गाडी का थांबली, तर तो ब्रेकचे नाव घेत नसे. गाडी तंट्या भिल्लाला सलामी देण्यासाठी थांबते, असेच तो सांगे. सावकारांना आणि सरकारला वर्षानुवर्षे हुलकावण्या देणाऱ्या तंट्याला 1889 च्या 4 डिसेंबरला जबलपुरास फाशी दिली. त्याचे शव पातालपाण्याजवळ आणून टाकले, अशी परंपरा आहे. रुळांच्या कडेला त्याचे ठाणे आहे, तेथे नारळ फुटतात. 2021 साली राज्य सरकारने स्थानकाला त्याचे नाव देण्याचे जाहीर केले. आमच्या लहानपणी डब्यातील सर्व मुले त्या बाजूच्या खिडक्यांशी हात जोडून उभी राहत. ज्याला कायद्याने दरोडेखोर ठरविले त्याला त्याच कायद्याची गाडी रोज थांबून नमस्कार करी, हे नाते आम्हांला त्या वयात विचित्र वाटले नाही.

पुढे हीच मीटरगेज खांडव्याहून अकोला, हिंगोली, पूर्णा अशी जोडली गेली. मीनाक्षी एक्सप्रेस ज्यांनी पाहिली त्यांना ठाऊक आहे की ती केवळ गाडी नव्हती, वऱ्हाड-मराठवाड्याशी असलेली आपली नाळ होती. लग्नाची स्थळे तीतून आली, लोणच्याच्या बरण्या तीतून गेल्या. कालाकुंडच्या फलाटावर खाखऱ्याच्या पानात मिळणारा कलाकंद सोयऱ्यांकडे न्यावयाचा म्हणून घेतलेला असे आणि चोरल येण्यापूर्वी संपलेला असे. (कालाकुंड आणि कलाकंद या दोन नावांतील साम्याची उपपत्ती लावण्याचा मोह आम्ही येथे आवरतो. आजोबांच्या तीन उपपत्त्या होत्या आणि तिन्ही त्यांनी स्वतःच रचलेल्या होत्या.)

आता याद्यांकडे येऊ. 1936 च्या पहिल्या गोठीची यादी पाहिली तर ती मराठी स्वयंपाकाची आहे : दशम्या, आंब्याची डाळ, तिळाची चटणी, पन्ह्याचा अर्क, दहीभात. म्हणजे सगळे घरून शिजवून नेलेले. रानात जावयाचे, पण रानातला अग्नी घ्यावयाचा नाही. सोवळ्याची चौकट डब्यात भरून बरोबर न्यावयाची. 1941 च्या पानावर प्रथम 'बाफले' हा शब्द येतो, तोही कंसात आणि प्रश्नचिन्हासह. 1948 पर्यंत प्रश्नचिन्ह गळून पडले होते, आणि पन्नाशीनंतरच्या याद्यांत दशम्या औषधालाही नाहीत. चाळीस माणसांचे प्रमाण असे दिले आहे : गव्हाचे जाडे पीठ दहा शेर, तुरीची डाळ चार शेर, तूप चार शेर, गूळ तीन शेर, हळद, ओवा, केऱ्या पंचवीस, द्रोण-पत्रावळी खाखऱ्याच्या दीडशे, गोवऱ्या दोनशे. 1960 नंतर शेरांचे किलो झाले आणि हिशेब दोन वर्षे चुकत राहिला; दोन्ही वर्षी तूप कमी पडले, असा शेरा आहे.

बाफल्याविषयी एक शब्द. जाड पिठाचे गोळे हळद-ओवा घालून मळावयाचे, आधी पाण्यात उकळावयाचे, मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजावयाचे, राख झटकून तुपात बुडवावयाचे. राजस्थानची बाटी उकळीत नाहीत; उकळणे ही माळव्याची पद्धत, म्हणूनच बाफला, वाफवलेला. ही कृती घरात नीट होत नाही. तिला मोकळी जमीन लागते, वारा लागतो आणि पुरुषांचे हात लागतात. आमच्या घरात पुरुषांनी पीठ मळल्याचा पहिला पुरावा या गोठीच्या वहीतच आहे. आजीने निखाऱ्यापाशी बसून आपल्या दिरांना कामे सांगितली आणि त्यांनी ती ऐकली, हे घरच्या स्वयंपाकघरात कधी घडले नसते. सोवळे प्रथम सैल झाले ते सुधारकांच्या व्याख्यानांनी नव्हे, तर बाफल्यांनी, असे आमचे मत आहे. पण हे मत आम्ही पुढच्या गोष्टीपर्यंतच टिकवू शकतो.

कारण प्रत्येक यादीच्या शेवटी एक ओळ आहे. 1936 पासून 1965 पर्यंत ती बदललेली नाही. ती अशी : 'पाणी — तेथेच.'

दोन शब्द. ओव्याची पूडसुद्धा तोळ्यात मोजणाऱ्या माणसाने पाण्यासाठी एवढेच लिहिले. प्रवासापुरत्या चार छागली खिडकीच्या गजांना बांधून नेत, एक सुरई मुलांसाठी, बाकी तेथेच. तेथे म्हणजे कोठे? विहिरीवर, नदीच्या डोहावर, स्थानकाच्या रांजणावर. आमच्यासारख्यांना या ओळीचा विचार करावा लागला नाही. आगगाडीच्या स्थानकांवर त्या काळी हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगळे असे, आणि पाणी पाजणारा पाणीपांडे नावाप्रमाणे बहुधा ब्राह्मण असे. म्हणजे व्यवस्था आमच्या सोयीची होती, आणि म्हणून ती आम्हांला दिसत नव्हती.

तीच ओळ दुसऱ्या एका मुलाला लिहिता आली नसती. तो याच मार्गावरच्या महूच्या छावणीत 1891 साली जन्मला. 1901 च्या उन्हाळ्याच्या सुटीत, साताऱ्याहून खटाव तालुक्यातील गोरेगावी वडिलांकडे निघालेल्या त्या मुलांची गोष्ट डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. सुटीच्या त्या प्रवासाची तयारी कोणत्याही गोठीहून कमी नव्हती : नवे कपडे, नव्या टोप्या, नवे जोडे, बरोबर फराळाचे डबे. मसूरच्या स्थानकावर जात कळताच स्थानकमास्तर मागे सरकला. दुप्पट भाडे कबूल करूनही गाडीवान बैल हाकावयास तयार होईना. मुलांनी स्वतः गाडी हाकली आणि तो बाजूने चालला. रात्री डबे उघडले तेव्हा अन्न भरपूर होते आणि पाणी नव्हते. जवळचे पाणी गुरांच्या घाणीने भरलेले, आणि दुसरे त्यांना कोणी देईना. ती मुले भरल्या डब्यांपाशी उपाशी झोपली. वडील त्या गावी कशासाठी होते? दुष्काळी कामावर चाललेल्या तलावाच्या खोदकामाचे ते खजिनदार होते. महाडचे चवदार तळे 1927 चे. त्याच्या सव्वीस वर्षे आधीची ही उन्हाळी सुटी. आम्ही हे वाचले तेव्हा वयाची चाळिशी उलटली होती, आणि वाचताना आजोबांची ती दोन शब्दांची ओळ प्रथमच आमच्या लक्षात आली.

आता 1966 ची गोठ. आम्ही तेव्हा नऊ वर्षांचे होतो. आदल्या वर्षी देशभर पावसाने दगा दिला होता. अडतीस माणसे सकाळच्या गाडीने कालाकुंडाला उतरली. विहिरीच्या तळाशी चिखल, स्थानकावरचे रांजण कोरडे, आणि चोरल नदी म्हणजे नुसती वाळू. छागली अकरा वाजताच रिकाम्या झाल्या. परतीची गाडी संध्याकाळी. दुपारी दोनच्या सुमारास आमची धाकटी चुलत बहीण रडेनाशी झाली, तेव्हा मोठी माणसे घाबरली.

नदीच्या वळणावर एका भिल्ल कुटुंबाची झिरी होती. वाळूत हातभर खणलेला खळगा. त्यात पाणी झिरपत येते, तुंब्याने भरून घ्यावयाचे, मग पुन्हा साठण्याची वाट पाहावयाची. एक हंडा भरावयास किती वेळ लागतो हे आम्ही त्या दिवशी पाहिले. त्या घरची बाई आणि तिचा मुलगा दुपारभर आमच्यासाठी पाणी काढीत बसली. त्यांच्या स्वतःच्या घरचे पाणी त्या दिवशी कोणी भरले, हे आम्हांपैकी कोणीही विचारले नाही. आजी प्रथम म्हणाली, 'मुलांना पाजा, मला नको.' मग म्हणाली, 'उकळून द्या.' चौथ्या की पाचव्या हंड्याला तिने स्वतः ओंजळ पुढे केली. ती ओंजळ आम्हांला दिसते अजून. त्याच पाण्यात बाफले उकळले, त्याच पाण्यात डाळ शिजली, आणि आजी जेवली.

घरी आल्यावर या विषयावर कोणी बोलले नाही. शेजारी विचारले तर 'गोठ छान झाली' एवढेच. पण वहीला खोटे बोलता येत नव्हते. त्या वर्षीच्या जमाखर्चात आजोबांनी लिहिले आहे : 'पाणी — रु. 2.' आणि त्यावर काट मारली आहे. शेजारी बारीक अक्षरात : 'घेतले नाहीत.'

पुढल्या वर्षीच्या यादीत 'तेथेच' हा शब्द नाही. 'पाणी — घरून, पिंपे 3' अशी ओळ आहे, आणि पिठाच्या ओळीत 'वाढीव पाने 6, झिरीकडील' अशी भर आहे. हे वाचून आजोबांविषयी आमचा ऊर भरून आला होता. मग आठवले : ती सहा पाने वाढली होती खरी, पण आमच्या पंगतीत नव्हे. नदीकडच्या जांभळाखाली नेऊन दिली होती. नेऊन देणारा मुलगा म्हणजे आम्हीच. दहा वर्षांच्या मुलाला त्यात काही खटकले नाही, उलट मोठे काम मिळाल्याचा अभिमान वाटला. बाफल्यांनी सोवळे सैल केले हे आमचे मत जांभळाच्या त्या झाडापाशी अडते.

पाण्याने मात्र पुढे आमच्यावर वेगळाच खेळ केला. इंदूरची तहान तलावांवर भागेनाशी झाली. 1970 साली नर्मदेच्या पाण्यासाठी शहर रस्त्यावर उतरले. त्या चळवळीत आपल्या वाड्यांतील माणसेही होती. 1978 मध्ये मंडलेश्वरजवळच्या जलूद येथून नर्मदा सुमारे सत्तर किलोमीटर नळांतून, विंध्याचा चढ चढून इंदुरात आली. जिच्या दर्शनाला आपण घाट उतरून जात होतो ती घाट चढून आपल्या मोरीत येऊ लागली. जुन्या गाडीला कालाकुंडाला मागून इंजिन लागे. या पाण्याला विजेचे पंप लागतात, आणि पाणी चढविण्याचे वीजबिल हे महापालिकेचे कायमचे दुखणे आहे. त्यासाठी 2023 च्या फेब्रुवारीत महापालिकेने रोखे काढून 244 कोटी रुपये उभे केले, जलूदला 60 मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारण्याकरिता. म्हणजे तुकोजीरावांनी साहेबाला साडेचार टक्क्यांनी कर्ज देऊन घाटात गाडी चढविली, आणि दीडशे वर्षांनी शहराने लोकांकडून कर्ज घेऊन घाटात पाणी चढविण्याची तजवीज केली.

गाडी मात्र गेली. इंदूर-महू मार्ग रुंद झाला, आणि 2023 च्या आरंभी महूखालची मीटरगेज गाडीही बंद पडली. रुंद मार्ग जुन्या घाटाने उतरत नाही. तेवढा चढ त्याला सोसत नाही, म्हणून त्याची आखणी वेगळी, लांबची केली आहे. पातालपाणी-कालाकुंडचा जुना तुकडा वारसा म्हणून राखला. 2018 च्या नाताळात तेथे काचेच्या मोठ्या खिडक्यांची खास गाडी सुरू झाली. आम्ही तीतून गेलो. घाट तोच, बोगदे तेच. लोक हिरवळीची छायाचित्रे काढीत होते आणि तंट्यामामाच्या ठाण्यापाशी दोघा-तिघांनी हात जोडले. पण ती पाहण्याची गाडी. छागली, पराती आणि दोनशे गोवऱ्या घेऊन चढू देणारी गाडी ती नव्हे.

तेव्हा यंदाच्या गोठीचा आराखडा आम्ही कार्यकारिणीला दिला आहे तो असा. वैशाख शुद्ध त्रयोदशी. पोलोग्राउंडहून पहाटे साडेपाचला दोन बसगाड्या. मार्ग खांडवा रस्ता, सिमरोल, मग घाट उतरून चोरल. काहींनी मांडूचे नाव सुचविले होते. मांडू सुंदर, तेथील खिरण्या आणि गोरखचिंचा सुंदर, पण इमारती पाहणे आणि गोठ करणे एका दिवसात होत नाही. काही तरुण सभासदांनी रिसॉर्ट सुचविले, जेथे बाफले आयते मिळतात. त्यांना आम्ही नम्रपणे कळविले की आयते जेवण शहरात अधिक चांगले मिळते. पीठ पुरुषांनी मळावयाचे आहे, हे पत्रकात ठळक अक्षरांत छापले आहे. दुपारी अकरा ते चार उन्हात कोणी फिरावयाचे नाही. साठी ओलांडलेल्यांसाठी झाडाखाली सतरंज्या आणि वाळ्याचे पाणी. डोहात उतरण्यास मुलांना बंदी. वाळू वरून कोरडी असली तरी डोह खोल असतो. पाणी घरून, माणशी पाच लिटर, शिवाय स्वयंपाकाचे वेगळे.

आणि पाने मोजताना एक गोष्ट ठरविली आहे. चोरलच्या ज्या वस्तीजवळ आपण बसणार तेथील जी मंडळी येतील ती आपल्या पंगतीत बसतील, मध्ये बसतील, आणि वाढणारे आपण असू. हा ठराव सभेत मांडला तेव्हा एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, 'यात ठराव कसला? आता असे कोण मानतो?' आम्ही म्हटले, मानीत नसाल तर लिहिण्यास हरकत नसावी. तो लिहिला गेला.

एकच अडचण उरली आहे. इंदूर 2017 पासून देशातील सर्वांत स्वच्छ शहर म्हणून गाजते आहे, आणि या स्वच्छतेत शहरातले गोठे कधीच हद्दीबाहेर गेले. पोलोग्राउंडपासून मारीमातेपर्यंत आम्ही हिंडलो, सांवेर रस्त्याला विचारले. जो तो मोबाईलवर मागवा म्हणतो. मागविल्या, तर पूजेसाठीच्या म्हणून बशीएवढ्या बारा गोवऱ्या रंगीत कागदात बांधून आल्या. आम्हांला दोनशे हव्या आहेत. कोणा सभासदाच्या ओळखीत एखादे गोठ्याचे घर असल्यास चतुर्दशीच्या आत, चुकलो, द्वादशीच्या आत कळवावे.